वद्य चतुर्दशीचे साठ चंद्र

18 ऑगस्ट 2023, शुक्रवार. सकाळी साडेदहाला ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या माझ्या घरात साठ चंद्र तयार होते आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

ऑर्डर सहस्रचंद्रदर्शनाची. नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलीनं दिलेली. रविवारी कार्य होतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आईकडून आभाराचं एक कार्ड जायला हवं, आणि ‘चंद्राचं काहीतरी कर’ एवढीच सूचना. मी नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, तिनं दोन बदाम पाठवले, काम सुरू.

पाच बाय सात इंचांचं कार्ड. पुढे 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे चांगल्याच जाड) कॉटन कागदाचा तुकडा, त्यावर इंडिगो आणि अल्ट्रामरीनचं ओल्यावर ओलं केलेलं आकाश, वर गडद आणि खाली येईतो फिकं. ते वाळलं की तळाला झाडांच्या रांगेचा स्टॅम्प, काळ्या पिगमेंट शाईत. हा कागद खरखरीत असतो, एका दाबात शाई त्याच्या खळग्यांत उतरत नाही. म्हणून स्टॅम्प ठसे उमटवायच्या बिजागरीवाल्या साच्याच्या झाकणाला चिकटवायचा, कागद लोहचुंबकांनी जागच्या जागी धरायचा आणि तोच ठसा त्याच जागी दोनदा, तीनदा उमटवायचा. झाडांच्या वर, उजव्या कोपऱ्यात, डायनं, म्हणजे कापायच्या पोलादी धारेनं, कापलेली चंद्रकोरीची खिडकी. खिडकीमागे सोनेरी आरशासारखा कागद. कार्ड हलवलं की कोर चमकायची.

सगळ्यात जास्त जीव काढला होता तो अक्षरांनी. परदेशी स्टॅम्पच्या पाकिटांत वाढदिवसाच्या शुभेच्छा पन्नास वळणांत मिळतात, देवनागरी मात्र आपली आपण करून घ्यावी लागते. स्टेशनजवळच्या रबर स्टॅम्पवाल्यानं पहिल्यांदा ‘सहस्त्रचंद्रदर्शन’ करून दिलं होतं. मी तो परत केला. सहस्र, त्यात त नाही, असं त्याला कागदावर लिहून दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, सगळे असंच करून नेतात.” दुसरा बरोबर आला, पण त्याच्या ‘स्र’च्या पोटात आणि ‘द्र’च्या खाली एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून अक्षर उठावदार करणारी) गच्च बसायची. दमट हवेत ती जिथे नको तिथेही चिकटते. टाल्कम पावडरची पुरचुंडी आधी कागदावर फिरवून, मग चिकट शाई, मग सोनेरी पावडर, मग बारीक ब्रशनं प्रत्येक जोडाक्षराचं पोट साफ करून हीट गन. साठ वेळा. ‘सहस्त्र’ची चूक पकडली म्हणून मी इतकी निर्धास्त होते, की आता कार्डात दुसरी काही चूक असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

अकराला बेल वाजली. मुलगी आणि मागे बाई. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मुलगीसुद्धा बाहेर ‘बाई’ म्हणते, कारण तीही त्यांच्याच वर्गात होती. छत्तीस वर्षं भूगोल आणि गणित. कार्डाच्या आत प्रत्येकाचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं म्हणून पाहुण्यांची यादी आणि शाईचं पेन घेऊन आल्या होत्या. मुलगी त्यांना सोडून ऑफिसला गेली.

बाईंनी वरचं कार्ड उचललं. चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून पाहिलं. मी कौतुकाची वाट पाहत होते.

“ही कोर कुठल्या तिथीची गं?”

“तिथीची म्हणजे?”

“म्हणजे हा चंद्र कधी दिसतो?”

मी म्हटलं, रात्री. बाई हसल्या नाहीत. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला आणखी एक संधी देतात, तशा थांबल्या. मग म्हणाल्या, “उजळलेली बाजू डावीकडे आहे. इंग्रजी सीसारखी. म्हणजे वद्य पक्ष. एवढी बारीक म्हणजे चतुर्दशी, अमावास्येच्या आदली पहाट. पूर्वेला उगवतो आणि मागोमाग सूर्य येऊन त्याला पुसून टाकतो.” मग कार्ड खाली ठेवत, “माझ्या वयाला शोभतो तसा. पण रविवारी लोक जेवायला येणार आहेत.”

मी समजावून पाहिलं. हे डिझाइन असतं बाई, असं कोणी बघत नाही. त्यांनी काही न बोलता कार्ड उलटं धरलं. कोर उजवीकडे वळली, अगदी बरोबर झाली. आणि झाडं छताला लटकायला लागली.

डायचा दोष नव्हता. कोरीचा डाय म्हणजे पोलादाची एक पातळ वळलेली धार, तिला वर-खाली नसतं. ती सीसारखी ठेवली होती मी, कारण पाकिटावरच्या चित्रात ती तशी होती. तो डाय घेतल्यापासून दोनअडीचशे कार्डांवर मी ती तशीच कापली असेल. बारशाची, झोपलेल्या बाळाची, ‘शुभ रात्री’ची. पोटात खड्डा पडला तो ईदची आठवल्यावर. मुंब्र्याच्या एका ताई चाळीस कार्डं घेऊन गेल्या होत्या. ईदचा चंद्र तर संध्याकाळीच शोधतात, पश्चिमेला. चाळीस घरांत मी पहाटेचा चंद्र पाठवला होता आणि त्या ताई सज्जन, एका शब्दानं बोलल्या नाहीत.

“आणि कोर हवीच कशाला?” बाई म्हणाल्या. “सहस्रचंद्र मोजायचे ते पौर्णिमेचे. आण बघू एक कागद.”

वाया गेलेल्या आकाशाचा तुकडा पालथा करून त्यावर त्यांनी गणित मांडलं. त्यांचा जन्म 1942 चा, कोजागिरीच्या दोन दिवस आधीचा. त्या कोजागिरीपासून 2022 च्या कोजागिरीपर्यंत 80 वर्षं, म्हणजे 960 महिने. पण 19 वर्षांत 7 अधिक महिने येतात. या 80 वर्षांत आले 29. झाले 989. पुढे कार्तिक ते आषाढ 9 पौर्णिमा आणि यंदाच्या अधिक श्रावणाची 1, झाले 999. “आणि पहिली कोजागिरी धरलीच नाही आपण. ती एक.” हजारावी पौर्णिमा 1 ऑगस्टला होऊन गेली होती. अधिकात कार्य नको म्हणून घरच्यांनी निज श्रावणातला रविवार धरला होता. बेरजेखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. तो तुकडा मी ठेवलाय.

आता काय करायचं? बाईंनी ‘असू दे’ म्हटलं असतं तर मी सुटले असते, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आता दिसायला लागलं होतं. एकदा दिसल्यावर साठच्या साठ कार्डांवर तेच दिसत होतं.

नवीन आकाशं रंगवायला वेळ नव्हता. त्या ऑगस्टात पावसानं दडी मारली होती तरी हवेतली ओल हटत नव्हती. कॉटन कागद अशा हवेत तासन्‌तास आतून गार लागतो, म्हणजे वाळलेला नसतो. उत्तर डायच्याच डब्यात सापडलं. कोर दीड इंच उंच. गोल डायच्या संचात पावणेदोन इंचांचा गोल होता. तो कोरीवर असा ठेवायचा की पूर्ण कोर त्याच्या पोटात येईल, आणि कापायचा. कोरीची खिडकी गोलात गिळली जाते, उरते पौर्णिमेची खिडकी. मागे पौर्णिमा रंगवून लावायची.

सांगायला सोपं. साठांपैकी अडतीस तुकडे फोम टेपनं कार्डावर चिकटवून झाले होते. फोम टेप ओढून काढला तर कागदाची साल निघते. त्यावर एक उपाय आहे. नायलॉनचा शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून तुकड्यामागून घालायचा आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढायचा. टेप मधोमध चिरत जातो. खालच्या मजल्यावरची सानिका, बारावीतली, सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे पंधरावीस कार्डं दुमडून देते. तिला कॉलेजातून आल्या आल्या बोलावून घेतलं. तिनं तीन कार्डं फाडली आणि चौथ्यापासून माझ्यापेक्षा सफाईनं करायला लागली. बरं की मी पाच आकाशं जास्तीची करून ठेवलेली असतात.

कापायचं मशीन माझं हातानं फिरवायचं आहे, दोन रुळांचं, उसाच्या चरकाचा धाकटा भाऊ. प्लेट, कागद, त्यावर डाय धार खाली करून, वर दुसरी प्लेट, आणि हँडल. पातळ कार्डशीट एका फेऱ्यात कापली जाते. 300 जीएसएमचा कॉटन कागद मऊ आणि जाड, धार त्यात रुतते आणि शेवटचे चार धागे तसेच राहतात. मग खाली साध्या कागदाचा एक थर वाढवून पुन्हा फिरवायचं. डाय हलू नये म्हणून चिकटपट्टी लागते, पण ती सरळ आकाशावर लावली तर रंगासकट तंतू उचलते, म्हणून आधी ती सलवारीवर दोनदा चिकटवून तिचा जोर काढायचा. दहा-बारा कापण्यांनंतर प्लेट होडीसारखी वाकते, ती उलटी करून घ्यायची. मी हे सगळं बाईंना सांगत होते, कारण त्या विचारत होत्या. प्लेट का वाकते हे त्यांनीच मला समजावलं: धार नेहमी एकाच बाजूनं घुसते, तो पृष्ठभाग पसरतो, दुसरा नाही.

चंद्र मी चार मोठ्या कागदांवर रंगवले, एकेकावर वीस. फिक्या पिवळ्या मातीच्या रंगाचा जवळजवळ पाणीच असलेला हात, आणि तो ओला असतानाच अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून झालेल्या राखाडीचे थेंब. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर दाणेदार दिसतात. चंद्राच्या डागांना यापेक्षा चांगला रंग मला माहीत नाही. दमट हवेचा इथे फायदा झाला. कागद लवकर वाळेना, म्हणून एकेक डाग सावकाश पसरत गेला. हेअर ड्रायर मात्र घाईनं जवळ नेला आणि एका कागदावरचे सहा डाग एका दिशेला वाहून गेले. जास्तीचे वीस होते, म्हणून निभावलं.

बाई शेजारी बसून आतली नावं लिहीत होत्या. मधेच मान वर करून म्हणाल्या, “ससा कुठाय?”

“बाई, आता ससा नका मागू.”

“शशांक म्हणतात त्याला. सगळ्यांना नको, एखाद्याला तरी दे.” मग स्वतःच ओल्या कागदावर वाकून शोधायला लागल्या, आणि त्यांना चार सापडले. माझ्या मते दोनच. ते चार चंद्र कुणाला जाणार हे त्यांनी यादीत खुणा करून ठरवलं. कुणाच्या नावापुढे ससा आला नाही याचीही मला कल्पना आहे, पण ते घरातलं आहे.

दुपारी मुगाची खिचडी आणि ताक. तेवढाच अर्धा तास मशीन थांबलं.

सात वाजता चाळीस कार्डं उभी राहिली होती. माझा उजवा खांदा गेला होता, सानिका घरी जाऊन परत आली होती, मुलीचे दोन फोन येऊन गेले होते. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, “गच्चीची किल्ली आहे का?”

“आत्ता?”

“आज बीज आहे. साडेआठपर्यंत मावळेल. आणि तो डाय घे बरोबर.”

पाचव्या मजल्यावरची गच्ची. लिफ्ट चौथ्यापर्यंतच, वरचा जिना बाई कठड्याला धरून चढल्या, माझा हात त्यांनी घेतला नाही. येऊरच्या डोंगराच्या बाजूला ढगांचा जाड पट्टा होता. आम्ही टाकीच्या कट्ट्याला टेकून उभ्या राहिलो. दहा मिनिटं काहीच नाही. सानिका मोबाइलवर चंद्र कुठे असेल ते शोधत होती, बाईंनी तिकडे न बघताच डावीकडे बोट केलं, “सूर्य जिथे बुडाला त्याच्या डावीकडे, थोडा वर.” आणि पट्ट्याला फट पडली तेव्हा तो तिथेच होता. नखाएवढा. उजळ कड उजवीकडे आणि खाली, बुडालेल्या सूर्याकडे वळलेली. पार उभा नाही, पार आडवाही नाही, खांदा पाडून बसल्यासारखा.

मी डाय चिमटीत धरून हात लांब केला आणि फिरवत गेले. सीवरून खाली, मग उजवीकडे, अजून थोडा. आकाशातल्या कोरीशी पोलादाची कोर जुळली तेव्हा बाई म्हणाल्या, “थांब.” सानिकानं माझ्याकडून मार्कर घेऊन डायच्या पाठीवर वरच्या बाजूला बारीक बाण काढला.

“आता हीच खूण वर्षभर चालेल ना?” मी विचारलं.

“छे. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात कोर आडवी पडते, होडीसारखी. श्रावण-भाद्रपदात अशी कललेली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बीज असते, तेव्हा दुसरा बाण काढू. मला बोलव.”

फट मिटली. खाली आलो तेव्हा वीस चंद्र चिकटवायचे राहिले होते.