कॅस्ट्रो: घरभाड्यातून उभी राहिलेली वस्ती

सॅन फ्रान्सिस्कोत पाहुणे आले की गोल्डन गेट पुलानंतर मी त्यांना कॅस्ट्रोला, म्हणजे शहरातल्या समलिंगी लोकांच्या वस्तीत नेतो. इंद्रधनुषी झेंडे दिसले की काकामंडळींची शंका ठरलेली, "यांची वेगळी वस्ती कशाला?"

उत्तर बरंचसं घरभाड्यात आहे. मूळची ही आयरिश कामगारांची कॅथलिक वस्ती. ती कुटुंबं साठच्या दशकात उपनगरांकडे निघाली आणि जुनी लाकडी व्हिक्टोरियन घरं स्वस्त झाली. शहरात समलिंगी माणसं आधीपासून होतीच. दुसऱ्या महायुद्धात समलिंगी म्हणून लष्करातून काढलेले कितीतरी सैनिक याच बंदरात उतरले. गावी काय तोंड दाखवायचं म्हणून इथेच राहिले. पुढच्या पिढीने सत्तरच्या दशकात कॅस्ट्रोतली घरं घेतली, डागडुजी केली, दुकानं टाकली.

मार्केट आणि कॅस्ट्रो रस्त्यांच्या कोपऱ्यावर ट्विन पीक्स नावाचा बार आहे. त्याच्या काचा मी मुद्दाम दाखवतो. पोलिसांच्या धाडींच्या त्या काळात गे बारच्या खिडक्या झाकलेल्या असत. इथे दोघी मालकिणींनी १९७२ साली मोठाल्या पारदर्शक काचा लावल्या, रस्त्यावरून कोणीही आत बघावं अशा. आज आत बहुतेक पिकल्या केसांची मंडळी दिसतात. टवाळखोर पोरं त्याला 'काचेची शवपेटी' म्हणतात!

पण एकत्र राहिल्याचं खरं फळ मतपेटीत मिळालं. कॅस्ट्रोत कॅमेऱ्याचं दुकान चालवणारा, उघडपणे समलिंगी असलेला हार्वे मिल्क नगरमंडळाच्या निवडणुकीत शहरभर मतदान व्हायचं तेव्हा दोनदा पडला. १९७७मध्ये वॉर्डनिहाय निवडणूक आली आणि निवडून आला. (वॉर्डाचं गणित आपल्याकडच्या नगरसेवकांना वेगळं सांगायला नको.) जेमतेम वर्ष उलटलं आणि त्याचा खून झाला.

वस्ती मुख्यतः पुरुषांची, त्यातही गोऱ्यांची. कमी पगाराच्या बायका व्हॅलेन्सिया रस्त्याकडे वळल्या. आपल्या उपखंडातल्या समलिंगी लोकांनी १९८६मध्ये बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, 'त्रिकोण' ही संस्था काढली.

मुंबईत समलिंगींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४पासून आहे, प्राइड मोर्चा निघतो, पार्ट्या होतात. कॅस्ट्रो मात्र नाही. कसं असणार? मुलगा लग्नापर्यंत आईवडिलांकडे, आणि एकट्याला घर द्यायला सोसायटी नाखूष. इकडे कॅस्ट्रोचीही भाडी अशी चढलीत, की छोट्या गावातून पळून आलेल्या पोराला तिथे खोली परवडत नाही. माझ्या ओळखीतले दोघेतिघे खाडीपलीकडच्या ऑकलंडला राहतात आणि शनिवारी रात्री ट्रेनने कॅस्ट्रोला येतात.