पाहुणे कोण बोलवायचे ते आधी ठरवा राव

परवा आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी भारताच्या फुटबॉल टीमचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्री याचा तो जुना व्हिडिओ परत टाकला, तोच २०१८ चा, ज्यात तो सांगतो की शिव्या द्यायच्यात तर द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या. झालं, सगळे एकदम इमोशनल, काय दिवस होते वगैरे. दिवस भारी होते यात वादच नाही. पण त्या टूर्नामेंटबद्दल माझं एक म्हणणं आहे आणि ते ग्रुपवर टाकलं की लोक अंगावर येतात, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, इंटरकॉन्टिनेंटल कप, जून २०१८, अंधेरीचं स्टेडियम. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). नाव ऐकून वाटतं केवढी मोठी स्पर्धा, पण ही आमंत्रणावरची, क्वालिफाय बिलिफाय काही नाही, आपल्या फेडरेशनने विचारायचं आणि जे हो म्हणतील ते येणार. आधी साऊथ आफ्रिका येणार होती, ते नाही म्हणाले म्हणून केनिया आली. सगळ्यांनी सगळ्यांशी एकेक मॅच खेळायची आणि वरच्या दोघांची फायनल. जानेवारी २०१९ मध्ये यूएईत एशियन कप होता, त्याची तयारी म्हणून हा सगळा घाट.

१ जूनला पहिली मॅच, तैपेईला ५-० धुतलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला किती माणसं तर अडीच हजाराच्या आसपास. मुंबईत! कोल्हापूरचा माझा एक मित्र आहे, तो तेव्हा जे हसला होता ते अजून कानात आहे, कारण त्यांच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असली पेठांची मॅच असली तरी जागा मिळायची मारामार असते, आणि इथे देश खेळतोय तर खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला, विराट कोहलीने उचलून धरला, सचिननेही लिहिलं, आणि ४ तारखेच्या केनिया मॅचची सगळी तिकिटं संपली.

त्या मॅचला मी होतो. आझाद नगर मेट्रोला उतरून वीरा देसाई रोडने चालत जाईपर्यंतच बूट भिजून गेले होते, पाऊस असा की थांबायचं नावच नाही. छेत्रीची १०० वी इंटरनॅशनल मॅच, बायचुंग भुतियानंतर असा तो दुसराच भारतीय, आणि सत्काराला मैदानावर खुद्द भुतिया आणि आपला जुना स्ट्रायकर आय. एम. विजयन, तिघं एका फ्रेममध्ये बघून माझ्या शेजारचा काका शिट्ट्या मारत सुटला. मॅच मात्र पहिला हाफ बेकार, पाणी साचल्यामुळे पास मारला की बॉल मध्येच थांबायचा आणि दोन्हीकडचे प्लेअर त्याच्याकडे धावत घसरायचे. ६८ व्या मिनिटाला पेनल्टी, छेत्री, गोल. तीन मिनिटांत जेजेचा गोल. आणि अगदी शेवटी परत छेत्री, ३-०. आवाज असा होता की बाजूचा काय बोलतोय ते कळत नव्हतं, मला वाटतं तोही नुसता ओरडतच होता.

मग न्यूझीलंडने आपल्याला २-१ हरवलं आणि गंमत अशी झाली की भारत, न्यूझीलंड, केनिया तिघांचे सहा सहा पॉइंट. केनियाने शेवटच्या लीग मॅचला तैपेईला ४-० ठोकलं आणि नुसत्या एका गोलच्या फरकाने न्यूझीलंडला बाहेर काढून फायनलला आली. फायनल आपण २-०, दोन्ही छेत्री, दोन्ही पहिल्या अर्ध्या तासात. त्या दोन गोलांनी त्याचे देशासाठी ६४ गोल झाले आणि मेस्सीचेही तेव्हा ६४ होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोच फोटो. कप कसा जिंकला यापेक्षा मेस्सीच जास्त छापून आला, असो.

आता माझं म्हणणं. न्यूझीलंडने पोरासोरांची टीम आणली होती, केनियाचे युरोपात खेळणारे मोठे प्लेअर आलेच नव्हते, आणि तैपेईबद्दल काय बोलायचं. आपल्याकडे कार्य काढलं तर पाहुणे येतील ते येतील, सगळ्यांना वाढायचं, ते ठीक. पण एशियन कपला आपल्या ग्रुपमध्ये यूएई आणि बहरीन होते आणि त्या पद्धतीने खेळणारं इथे कुणीच नव्हतं. झालं काय? थायलंडला ४-१ हाणलं, सगळे नाचलो, मग यूएईकडून ०-२, आणि बहरीनशी नुसती ड्रॉ केली असती तरी पुढे गेलो असतो तर ९० मिनिटं संपल्यावर पेनल्टी दिली. ज्याच्या फाऊलवर दिली तो प्रणय हलदर, अंधेरीत तैपेईला पाचवा गोल मारणारा तोच. बिचाऱ्याला मी दोष देत नाही, अख्खी टीम शेवटी शेवटी स्वतःच्या बॉक्समध्ये घुसून बसली होती, आणि तसल्या प्रेशरची सवय तैपेईशी खेळून लागत नाही.

२०१९ ला हाच कप अहमदाबादला झाला, स्टिमाच नवीन कोच, सीरिया, नॉर्थ कोरिया, ताजिकिस्तान. आपण ताजिकिस्तानकडून ४-२, नॉर्थ कोरियाकडून ५-२ खाल्ले, सीरियाशी १-१, आणि शेवटचे आलो. लोकांनी शिव्या घातल्या. माझ्या मते सगळ्यात कामाची टूर्नामेंट तीच होती, आपण कुठे उभे आहोत ते आठवड्यात कळलं. पण तिचा व्हिडिओ कुणी ग्रुपवर टाकत नाही.

आणि मोठ्या टीम बोलावल्या की येत नाहीत, हे कारण मला पटत नाही. नेहरू कप आठवा (म्हणजे मोठ्यांकडून ऐकलेला), तीही आपल्याकडची आमंत्रणावरचीच स्पर्धा. १९८२ ला कलकत्त्यात पहिला झाला तो उरुग्वे घेऊन गेलं. १९८४ ला कोच बिलार्डोची अर्जेंटिना आली, दोन वर्षांनी वर्ल्ड कप जिंकणारा तोच बिलार्डो, आणि आपण फक्त ०-१ हरलो. १९८९ ला मडगावला, नव्या कोऱ्या फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये, हंगेरी जिंकली, गोव्यातली जुनी माणसं अजून सांगतात. नंतर २००७, २००९, २०१२ असे तीन नेहरू कप आपण लागोपाठ जिंकले, शेवटचा तर कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून, पण ती कॅमेरूनची खरी टीम नव्हतीच.

म्हणजे जिंकू नये असं नाही हो. २०२३ च्या इंटरकॉन्टिनेंटल कपला भुवनेश्वरला लेबनॉनला फायनलमध्ये २-० हरवलं ते मला अंधेरीपेक्षा जास्त आवडलं, कारण लेबनॉन म्हणजे लिंबूटिंबू नाही. पण त्याच कपात वानुआतू आणि मंगोलिया पण होते. २०२४ ला हैदराबादला तर तीनच टीम, मॉरिशसशी ०-० आणि सीरियाकडून ०-३.

पुढच्या वेळी कुणी मला विचारलं (विचारणार नाहीच) तर जॉर्डन, उझबेकिस्तान आणि सीरिया, तीनच नावं सांगेन. मॅचेस अंधेरीतच ठेवा, पाऊस असला तरी चालेल. सीरियाला नक्की बोलवा, ०-३ चा हिशोब बाकी आहे.