एक बातमी, दोन मथळे

शनिवार, 9 डिसेंबर 2023 रोजी मी लिहिलेली एकच बातमी आमच्या दैनिकाच्या दोन आवृत्त्यांत दोन निरनिराळ्या मथळ्यांखाली प्रसिद्ध झाली. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत जाणाऱ्या ग्रामीण आवृत्तीत ‘निर्यातबंदीने कांदा उत्पादक उद्ध्वस्त’ असा मथळा होता आणि पुणे शहराच्या आवृत्तीत ‘कांदा आता आवाक्यात’ असा. मजकूर अक्षरशः तोच होता, दोन्हीकडे नाव माझेच होते आणि दोन्हींपैकी एकही मथळा खोटा नव्हता. या गोष्टीला आता बराच काळ लोटला आहे; तरीही तिचा निकाल माझ्या मनात लागलेला नाही, म्हणून ती लिहून काढतो आहे.

मी बाजार समितीचे वार्तांकन करतो. आमच्या व्यवसायात हे काम दुय्यम समजले जाते. राजकीय बातमीदाराला पहिले पान मिळते. बाजारभाव आतल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत जातात आणि ऐनवेळी जाहिरात आली की कात्री प्रथम त्यांनाच लागते. वास्तविक त्या पानावरचा रोजच्या रोज पडताळून पाहता येईल असा मजकूर तेवढाच असतो. मंत्र्याने काय ‘सूचित केले’ हे कोणालाही तपासता येत नाही. फ्लॉवरचा भाव चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मंचरहून फोन येतो.

भाव लिहिणे सोपे आहे, असा समज मात्र सार्वत्रिक आहे. पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील कांद्याचा भाव दहा किलोंचा असतो, लासलगावचा क्विंटलचा असतो आणि ग्राहकाला किलोचा भाव हवा असतो; या तीन मापांची सरमिसळ करून बातमी देणारे कॅमेरे मी दरवर्षी पाहतो. त्याहून मोठा घोळ ‘कमाल दर’ या रकान्यात होतो. एखाद्या गाळ्यावर मोठ्या, कोरड्या, रंगदार गोळा कांद्याच्या काही निवडक पिशव्या चढ्या भावाने जातात आणि तेवढाच आकडा दिवसभर वाहिन्यांवर झळकत राहतो. त्याच गाडीतील मध्यम माल आणि गोल्टी, चोपडा, जोडकांदा, डेंगळा या हलक्या प्रतीचा कांदा कितीला गेला, हे कोणी विचारत नाही; शेतकऱ्याच्या गाडीत मात्र बहुतेक भरणा त्याच मालाचा असतो. म्हणून मी आडत्याने, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाने, तोंडी सांगितलेल्या भावावर विसंबत नाही; पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, पाहतो. कोणत्या भावाने किती पिशव्या गेल्या, हमाली आणि तोलाई किती कापली, गाडीभाडे किती गेले आणि हातात काय उरले, हे सगळे पट्टीवर उतरलेले असते. 2016 मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकण्याची मुभा दिली, आणि आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. तेव्हापासून हीच रक्कम दुसऱ्या एखाद्या नावाने पट्टीत परत शिरली आहे का, हेही पाहावे लागते. बाजार समिती म्हणजे खुला बाजार, असे मानणाऱ्या मंडळींनी एकदा पहाटे येऊन पट्टीचे वाचन करावे. 1963 च्या बाजार समिती कायद्याने उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत परवाना, गाळा आणि ओळख यांच्या कुंपणाआड जे चालते, त्याला बाजार म्हणता येईल. खुला म्हणता येणार नाही.

शुक्रवारी, 8 तारखेला, मी पहाटे कांदा-बटाटा विभागात पोहोचलो तेव्हा गाड्या नेहमीसारख्या लागल्या होत्या आणि खरेदीदारही आलेले होते. पण मालाला हात कोणी लावत नव्हते. प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच कागद फिरत होता. विदेश व्यापार महासंचालनालयाने गुरुवारी, 7 तारखेच्या अधिसूचनेने, 31 मार्च 2024 पर्यंत कांद्याची निर्यात बंद केली होती. जहाजावर माल चढू लागला असेल किंवा तो सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेला असेल तर तेवढ्याला सवलत होती. शेतात, खळ्यावर किंवा वाटेत असलेल्या कांद्याला नव्हती. याच गुरुवारी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावरही निर्बंध घातले होते. शिवाजीनगरच्या साखर संकुलातून, म्हणजे साखर आयुक्तांच्या कार्यालयातून, आमचा दुसरा बातमीदार ती बातमी करत होता. महाराष्ट्राच्या दोन प्रमुख पिकांचे गणित एकाच दिवशी दिल्लीतून बदलले गेले आणि दोन्ही वेळी कारण एकच होते: शहरातील किंमत.

ऑगस्टमध्ये, 19 तारखेला, 40 टक्के निर्यातशुल्क आले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रतिटन 800 डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले, म्हणजे त्याखालच्या भावाने निर्यात करता येईना. डिसेंबरात थेट बंदी आली. बांगलादेश, मलेशिया किंवा दुबईतील आयातदार अशा पुरवठादाराशी वर्षाचा करार का करील? शुल्क एक वेळ सोसता येते, कारण त्याचा हिशेब करता येतो. रात्रीतून बदलणाऱ्या नियमाचा हिशेब करता येत नाही. ही अधिसूचना निघण्यापूर्वी चारच दिवस, 3 डिसेंबरला, मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगण या राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल लागले होते आणि लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर होती. हा प्रश्न एका पक्षापुरता नाही. 1980 च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या महागाईला प्रचाराचा मुद्दा केले होते आणि 1998 मध्ये दिल्लीतील भाजपच्या पराभवात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा मानला गेला. तेव्हापासून सत्तेवर कोणीही असो, कांद्याची भाववाढ म्हटली की सर्वांना घाम फुटतो. भाव कोसळल्यामुळे सरकार गेल्याची आठवण कोणाच्याच मनात नव्हती.

शेतीशी संबंध नसलेल्या वाचकासाठी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण त्या दिवशीच्या अन्यायाचे मूळ तिच्यात आहे. सगळा कांदा साठवता येत नाही. उन्हाळी, म्हणजे गावरान कांदा शेतावरच्या हवेशीर कांदाचाळीत चार-सहा महिने टिकतो आणि भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. डिसेंबरात येणारा खरिपाचा लाल कांदा पाण्याने भरलेला आणि पातळ सालीचा असतो. तो काढला की काही आठवड्यांत विकावाच लागतो. त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेल्यामुळे लागवडी लांबल्या होत्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस व गारपिटीने उरलेल्या पिकालाही झोडपले होते. भाव वाढला होता तो यामुळे. माल कमी होता म्हणून चढा भाव हीच शेतकऱ्याची एकमेव भरपाई होती. आणि नेमकी तीच, थांबण्याची सोय नसलेल्या मालावर, काढून घेतली गेली.

नाशिक जिल्ह्यात त्या दिवशी अनेक ठिकाणी लिलाव बंद पडले आणि चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. लिलाव बंद पाडणाऱ्या व्यापाऱ्यांनाही मी शेतकऱ्याचे कैवारी मानत नाही. ज्याचा माल नासतो आहे त्याच्या पाठीशी उभे राहायचे असेल तर खरेदी सुरू ठेवावी लागते. पुण्यात उलाढाल झाली, पण खालच्या भावाने आणि नाइलाजाने. मी पट्ट्या पाहिल्या, ओतूर आणि आळेफाट्याच्या बाजारांत फोन केले, किरकोळ विक्रेत्यांना विचारले. किरकोळ विक्रेते म्हणाले की आमच्याकडे आधी घेतलेला माल आहे, तो संपेपर्यंत आम्ही भाव उतरवणार नाही. बातमीत मी तिन्ही गोष्टी लिहिल्या: घाऊक भाव तत्काळ घसरला, किरकोळ भाव उतरायला वेळ लागेल आणि मधल्या काळातील नुकसान शेतकऱ्याच्या अंगावर पडेल.

ग्रामीण आवृत्तीची पाने छपाईला लवकर सुटतात, शहराची उशिरा. पहिला मथळा मी कार्यालयात असतानाच लागला. दुसरा मी घरी गेल्यावर. वृत्तसंपादकांनी शहरासाठी तिसरा परिच्छेद वर घेतला नाही, की काही गाळले नाही. त्यांनी फक्त मथळा बदलला आणि सोबत मंडईत कांदा निवडणाऱ्या एका गृहिणीचे छायाचित्र दिले.

शनिवारी मार्केट यार्डाला सुट्टी असते. दुपारी ओतूरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. माझी-त्यांची ओळख जुनी आहे. त्यांचा मुलगा हडपसरला नोकरी करतो. त्याने आमच्या शहर आवृत्तीच्या पहिल्या पानाचा फोटो वडिलांना पाठवला होता आणि वडिलांपुढे त्यांची स्वतःची प्रत होती. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, “साहेब, नाव तुमचंच आहे दोन्हीकडं. मजकूर पण तोच. मग मथळे दोन कसे?” मी म्हणालो, “काका, मथळा मी देत नाही, तो कार्यालयात लागतो.” त्यावर ते म्हणाले, “ते बरोबर आहे तुमचं. पण पोरगं विचारतंय, दादा, कांदा स्वस्त झाला तर चांगलंच ना? त्याला कसं समजावू? तो कांद्यावरच शिकला.”

त्या मुलाचे काही चुकले होते असे मला वाटत नाही. त्याच्या हाती जे पान गेले, त्यात त्याच्या वडिलांचे नुकसान सहाव्या परिच्छेदात होते.

सोमवारच्या बैठकीत मी हा विषय काढला. आमचे वृत्तसंपादक अनुभवी आणि प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. ते म्हणाले, “शहराच्या वाचकाला शहराची बाजू, गावाच्या वाचकाला गावाची बाजू. दोन्ही खरे आहे. तुम्ही तर खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते. ज्याला जे हवे ते त्याला मिळाले, तर तुमची तक्रार काय?” बैठकीत हशा पिकला आणि विषय संपला. माझ्यापुरता तो तिथेच सुरू झाला.

मी खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता आहे हे खरे. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1980 च्या सुमारास कांद्याचे आंदोलन उभे केले आणि पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी उतरले. त्या भागात वाढलेल्या माणसाला ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा पाठ करावी लागत नाही. पण बाजारात भावाला मोल येते, ते तो दोन्ही बाजूंना एकच दिसतो म्हणून. विकणाऱ्याला एक भाव आणि घेणाऱ्याला दुसरा भाव सांगणाऱ्याला आपण व्यापारी म्हणत नाही. जुन्या काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती, ती याच कारणाने बंद करावी लागली. आम्ही मथळ्यांच्या बाबतीत तेच केले. शहराला दिलासा दाखवला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे रुमालाखाली ठेवले.

कोणती बातमी कोणत्या आवृत्तीत घ्यायची हा निवडीचा प्रश्न आहे. शिरूरच्या पाणीयोजनेची बातमी कोथरूडला नको असेल, ते मला मान्य आहे. परंतु एकाच घटनेचा अर्थ आवृत्तीनुसार बदलला की शहर आणि गाव यांना एकमेकांशी वाद घालण्यापुरतीही समान भूमी उरत नाही. सरकारला तर हे फारच सोयीचे ठरते. शहरात श्रेय मिळते, गावात आश्वासन देता येते आणि दोन्ही ठिकाणचे लोक एकच पान वाचत नसल्यामुळे कोणी हिशेब मागत नाही.

शहराच्या मथळ्यामागे वाचकाची मागणी होती, हेही मला पूर्णपणे पटत नाही. वृत्तपत्राची छापील किंमत कागद आणि छपाईचा खर्चही भरून काढत नाही. पैसा जाहिरातदार देतो आणि जाहिरातदाराला शहरातील ग्राहक हवा असतो. म्हणून आमच्या पानांवर ‘कांद्याने रडवले’, ‘गृहिणींचे बजेट कोलमडले’ हे मथळे दरवर्षी न चुकता येतात आणि भाव पडल्यावर शेतकऱ्याचे जे कोलमडते, त्याला एक कॉलम मिळतो. माझ्या घरी महिन्याला साधारण पाच किलो कांदा लागतो. किलोमागे 20 रुपये वाढले तर मला 100 रुपये जास्त मोजावे लागतात. अनेक गरीब घरांना तेही जड जाते, हे मी नाकारत नाही. त्यांना थेट मदत द्यावी आणि तिचा भार सर्वांच्या करातून उचलावा. एकट्या कांदा उत्पादकाच्या खळ्यातून तो वसूल करण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेल्या 64 पैशांवर आम्ही कधी आठ कॉलमी मथळा दिल्याचे मला आठवत नाही, आणि सरकारने त्यावर रात्रीतून अधिसूचना काढल्याचेही नाही.

बंदी 31 मार्चला संपायची होती. ती त्याआधीच बेमुदत वाढवली गेली आणि 4 मे 2024 रोजी, लोकसभेचे मतदान सुरू असताना, 550 डॉलरचे किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून उठवली गेली. तोवर लाल कांदा कधीच संपला होता. नाशिक जिल्ह्यातील कांदापट्ट्यात, दिंडोरीत, केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या, तेव्हा आमच्या राजकीय विभागाला कांदा हा विषय आढळला. शेवटचे 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 पासून हटले.

मथळा देण्याचा अधिकार बातमीदाराला नसतो आणि तो असावा असे माझे म्हणणेही नाही. माझी सूचना एवढीच आहे की शेतमालाच्या भावासंबंधी सरकारी निर्णयाची बातमी सर्व आवृत्त्यांत एकाच मथळ्याने जावी आणि त्या मथळ्यात किंवा उपमथळ्यात घाऊक व किरकोळ अशा दोन्ही भावांचा उल्लेख असावा. ती मी लेखी दिली आहे. वृत्तसंपादकांना ती अव्यवहार्य वाटते, संपादकांनी ती विचारार्थ ठेवली आहे. दरम्यान, अशा बातमीचे पहिले वाक्य मी आता असे बांधतो की त्यात शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि ग्राहकाने मोजलेला भाव शेजारी शेजारी येतात आणि एक काढला तर वाक्य उभे राहत नाही. डेस्कवरील सहकाऱ्यांना ते वाक्य लांब वाटते. त्यांनी ते तोडले की मी दुसऱ्या दिवशी कारण विचारतो.