जुन्या ऑप्टिप्लेक्सचा राउटर: चार पोर्टचं कार्ड ठरलं आणि बसलं

राउटर म्हणून उभ्या केलेल्या डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० या जुन्या डेस्कटॉप संगणकाला अखेर चार पोर्टचं नेटवर्क कार्ड लागलं. इंटेल आय३५०-टी४, कुठल्यातरी सर्व्हरमधून उतरवलेलं, जुनं. हेच का घेतलं ते सविस्तर लिहितो. कार्ड निवडायला बसलं की बहुतेकांची नजर आधी वेगाच्या आकड्यावर जाते. माझं मत असं, की आधी चिप बघावी, मग स्लॉट, आणि वेगाचा आकडा सगळ्यात शेवटी.

गरज काय होती ते आधी सांगतो. घर वरूड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. गल्लीच्या पलीकडे गावची अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं तिथं रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांचं नेट माझ्याकडून जातं. व्याख्यानांचे व्हिडिओ आणि जुन्या प्रश्नपत्रिकाही याच मशीनच्या हार्डडिस्कवर ठेवल्यात, म्हणजे एकदा उतरवलेलं प्रत्येकाला पुन्हा उतरवावं लागत नाही. बाहेरून येणाऱ्या लाइनी दोन: केबलवाल्याची १०० एमबीपीएसची फायबर, आणि ती गेली की छतावरचा फोरजी राउटर. दोन पोर्ट बाहेरच्या लाइनींना, एक घराला, एक अभ्यासिकेला. मदरबोर्डवरचा मूळ पोर्ट, इंटेल ८२५७९एलएम, फक्त मशीनमध्ये शिरून दुरुस्ती करायला राखून ठेवायचा होता.

हे सगळं एकाच पोर्टवर भागतं, हे मला ठाऊक आहे. ८०२.१क्यू (व्हीलॅनचं मानक) समजणारा, सेटिंग करता येणारा मॅनेज्ड स्विच घ्यायचा, त्यावर चार व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवरची चार वेगळी नेटवर्कं, पाडायचे आणि एकच केबल लिनक्सच्या मशीनला आणायची. शहरात असतो तर कदाचित तेच केलं असतं. इथं अडचण माणसांची आहे. मी कामासाठी अमरावतीला असलो आणि नेट बंद पडलं, तर घरी जो असेल त्याला फोनवर सांगता आलं पाहिजे की अमुक भोकातली वायर काढ आणि पुन्हा लाव. व्हीलॅनच्या रचनेत कुठली वायर कशाची, हे स्विचच्या सेटिंगमध्ये दडलेलं असतं. चार पोर्ट, चार चिठ्ठ्या, चार वायरी हे कुणालाही दिसतं. शिवाय स्विच जळला तर दुसरा कुठलाही साधा स्विच आणून लावता येतो, सेटिंग करत बसावं लागत नाही.

यूएसबीला लावायचे इथरनेट अडॅप्टर मी मोजलेच नाहीत. एखादा ठीक आहे, पण व्होल्टेज खालीवर झालं की यूएसबीवरचं उपकरण मधेच सुटून पुन्हा जोडलं जातं, आणि आमच्याकडे व्होल्टेज खालीवर होणं रोजचंच.

स्लॉटचा हिशेब

७०१० च्या एसएफएफ, म्हणजे छोट्या डब्याच्या प्रकारात दोन स्लॉट आहेत, दोन्ही अर्ध्या उंचीचे. एक खरा एक्स१६, म्हणजे सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची तारांची वाट). दुसरा दिसायला एक्स१६ पण आतून एक्स४ इतक्याच तारांचा. आय३५०-टी४ एक्स४ चं कार्ड आहे आणि पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडायची पद्धत) २ च्या वेगाने बोलतं, त्यामुळे ते दुसऱ्या स्लॉटमध्ये बरोबर बसतं.

एक्स१ चं स्वस्त कार्ड घ्यायचा विचार असेल तर हा हिशेब करून बघा. एक गिगाबिट म्हणजे एका दिशेने सेकंदाला १२५ मेगाबाइट. चार पोर्ट मिळून ५००. पीसीआयई १ ची एक लेन २५० मेगाबाइट देते, पीसीआयई २ ची ५००, आणि त्यातूनही डेटाभोवतीच्या जादा माहितीचा खर्च वजा होतो. म्हणजे जुन्या बोर्डाच्या एक्स१ स्लॉटमध्ये चार पोर्टचं कार्ड दोनच पोर्टांइतकं काम करेल. १०० एमबीपीएसच्या लाइनीला ते पुरतं. पण मला हार्डडिस्कवरचे व्हिडिओ अभ्यासिकेत पूर्ण वेगाने द्यायचे आहेत, आणि त्याच वेळी घरातला बॅकअपही चालतो.

उंचीकडे लक्ष द्या, हे मुद्दाम सांगतो. सर्व्हरमधून निघालेल्या कार्डांना बहुतेक वेळा पूर्ण उंचीची धातूची पट्टी असते. एसएफएफ मशीनला छोटी पट्टी लागते, आणि ती सुटी मिळवताना नाकी नऊ येतात. विकणाऱ्याकडून आधी फोटो मागवा. पट्टी कुठली आहे ते त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. माझ्या कार्डासोबत दोन्ही पट्ट्या आल्या. पट्टी दोन बारीक स्क्रूंनी कार्डाला धरलेली असते. स्क्रू काढताना कार्ड कडेने धरायचं आणि चिपवरच्या पंख्याशिवायच्या छोट्या हीटसिंकवर दाब येऊ द्यायचा नाही.

चिप

बाजारात दिसणारे पर्याय साधारण असे. रियलटेकची चार पोर्टची कार्डं: एका कार्डावर चार आरटीएल८१११ चिप आणि मधे एक पीसीआयई स्विच. लिनक्समध्ये आर८१६९ ड्रायव्हरवर चालतात. वाईट नाहीत, पण जास्त भार आला की प्रोसेसरवर काम टाकतात आणि हा ड्रायव्हर त्यांना एका पोर्टला अनेक रांगा देत नाही.

दुसरी २.५ गिगाबिटची नवी कार्डं, इंटेल आय२२५ किंवा आय२२६ वर बनलेली. त्यांचा आयजीसी ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० पासून आहे. आय२२५ च्या सुरुवातीच्या चिपमध्ये २.५ गिगाबिटला काही स्विचेसबरोबर पॅकेट हरवण्याचा दोष होता. तो पुढच्या आवृत्तीत सुधारला. पण माझ्याकडे २.५ गिगाबिटचा स्विच नाही, लॅपटॉप नाही, आणि लाइन १०० ची. तो आकडा विकत घेऊन मी कशाला लावणार?

तिसरा पर्याय ब्रॉडकॉम बीसीएम५७१९. एचपीचं ३३१टी याच चिपवर आहे, लिनक्समध्ये टीजी३ ड्रायव्हर. चांगली, टिकाऊ कार्डं. आय३५० मिळालं नसतं तर मी हेच घेतलं असतं.

आय३५० ला आयजीबी ड्रायव्हर लागतो. तो २००८ सालच्या २.६.२५ पासून कर्नलमध्ये आहे. ही चिप आली २०११ च्या सुमारास, म्हणजे इतक्या वर्षांत लाखो सर्व्हरमध्ये घासूनपुसून निघाली आहे. वेगळी फर्मवेअर फाइल लागत नाही, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं की चारही पोर्ट पहिल्याच बूटला दिसतात. प्रत्येक पोर्टला ८ रांगा मिळतात, म्हणून चार कोअरच्या प्रोसेसरवर काम वाटलं जातं. एक पोर्ट अनेक आभासी मशीनना वाटून देणारं एसआर-आयओव्ही पण आहे, मला सध्या नको. बजेट कमी असेल तर ८२५८० वरचं आय३४०-टी४ बघा. तेही आयजीबीवरच चालतं.

आता सावध राहायच्या जागा. ‘नवं, सीलबंद आय३५०’ संशय यावा इतक्या स्वस्तात मिळत असेल तर ते बहुधा नकली असतं. या कार्डाच्या नकला भरपूर निघाल्या आहेत. त्यापेक्षा डेल, एचपी, आयबीएम यांच्या सर्व्हरमधून उतरवलेलं, त्यांच्या पार्ट नंबरची चिठ्ठी असलेलं जुनं कार्ड जास्त विश्वासाचं. मला ते तीन हजारांच्या आतबाहेर पडलं.

दुसरं, एचपीच्या नावात ‘एफएलआर’ असेल, जसं ३३१एफएलआर किंवा ३६६एफएलआर, किंवा डेलच्या कार्डावर ‘आरएनडीसी’ लिहिलेलं असेल, तर ते त्या कंपनीच्या सर्व्हरमधल्या खास जागेचं असतं. साध्या पीसीआयई स्लॉटमध्ये बसत नाही. म्हणूनच ते इतकं स्वस्त दिसतं.

तिसरं, ‘बायपास’ लिहिलेली कार्डं. यांत पोर्टांच्या जोड्या रिलेने जुळलेल्या असतात. मशीनचा वीजपुरवठा गेला की रिले सुटतो आणि दोन पोर्ट थेट एकमेकांना जोडले जातात. ज्या कामासाठी ती बनली तिथं ही मोठी सोय आहे. घरच्या राउटरमध्ये मात्र याचा अर्थ असा, की मशीन बंद पडलं की बाहेरची लाइन फायरवॉलशिवाय सरळ घरच्या स्विचला.

बसवल्यावर

सगळ्यात आधी एलएसपीसीआय या आदेशाने (तो बसवलेल्या कार्डांची यादी देतो) ओळखक्रमांक बघितला: ८०८६:१५२१, चार वेळा. ८०८६ हा इंटेलचा क्रमांक, १५२१ आय३५० चा. मग त्याच आदेशाच्या सविस्तर रूपात लिंकची स्थिती: ५ जीटी (पीसीआयई २ चा वेग), रुंदी एक्स४. ही ओळ बघितल्याशिवाय कार्ड बसलं असं म्हणू नका. स्लॉटमध्ये धूळ असली की रुंदी एक्स१ वर उतरते आणि कार्ड तरीही चालत राहतं.

कुठलं भोक कुठल्या नावाचं, हे कार्डावरून कळत नाही. काही कार्डांवर क्रम उलटा असतो. पोर्ट तपासायच्या ईथटूल या आदेशात ‘पी’ पर्याय आहे. त्याने सांगितलेल्या पोर्टचा लाइट लुकलुकतो. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर बसलो, चुलत भाऊ मशीनच्या मागे टॉर्च घेऊन.

“भाऊ, कडेच्याचा लाइट लुकलुक करून राह्यला.”

“त्याच्यावर फायबरची चिठ्ठी लाव. आता?”

“आता त्याच्या बाजूच्याचा.”

चारही चिठ्ठ्या लागल्या. मग सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) लिंक फाइलमध्ये प्रत्येक मॅक पत्त्याला, म्हणजे पोर्टच्या कायमच्या ओळखक्रमांकाला, नाव दिलं: फायबर, फोरजी, घर, अभ्यासिका. नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही आणि ते रोमन लिपीत ठेवावं, बस इतकंच. आता एनएफटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे नियम वाचताना डोकं खाजवावं लागत नाही. ‘अभ्यासिकेकडून घराकडे बंद’ हे नियमात तसंच दिसतं.

चाचणी आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने घेतली. चारपैकी तीन पोर्टांवर ९४१ एमबीपीएस, जे १५०० च्या एमटीयूला (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) गिगाबिटवर अपेक्षितच असतं. अभ्यासिकेचा पोर्ट मात्र ६०० च्या आसपास अडखळत होता. ईथटूलच्या आकडेवारीत सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेली पॅकेट, वाढताना दिसल्या. कार्ड निर्दोष होतं. त्या पोर्टला लावलेली केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची निघाली. वायरचं टोक सोलून चाकूने खरवडलं तर आतून पांढरं दिसतं. शुद्ध तांब्याची लावली, चुका थांबल्या, ९४१ आले. ‘कॅट६’ छापलेली वायर घेताना हे खरवडून बघणं सोडू नका.

विजा आणि ऊन

आमच्याकडे मृगाच्या आधीपासून विजा सुरू होतात, अवकाळीत तर कधीही. गल्लीवरून तांब्याची केबल नेली असती तर जवळपास कुठंही वीज पडली की तिच्यात लाट उठली असती आणि थेट कार्डात आली असती. पोर्टातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची तेवढी ताकद नसते. म्हणून घर ते अभ्यासिका फायबर टाकली, दोन्ही टोकांना फायबर आणि तांबं जोडणारे मीडिया कन्व्हर्टर. कार्डापर्यंत येणारं तांबं आता हातभर पॅचकॉर्ड एवढंच. छतावरच्या फोरजी राउटरच्या केबलला मात्र फायबर करता आली नाही, कारण त्याच केबलमधून त्याला वीज जाते. तिथं सर्ज प्रोटेक्टर बसवला आणि तो घराच्या अर्थिंगला जोडला. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. जमीन तडकली की अर्थिंग नावापुरतंच उरतं.

उष्णतेचं काम अजून चालू आहे. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली. एसएफएफ डब्यात तेवढा वारा नाही. काही आय३५० कार्डांवर तापमानाचा सेन्सर असतो आणि आयजीबी ड्रायव्हर तो दाखवतो. माझ्या कार्डावर आहे. दुपारी खोली ४० अंशांच्या वर गेली की सेन्सर साठीच्या पुढे दिसतो. बाजूच्या रिकाम्या स्लॉटची सपाट पट्टी काढून जाळीची लावली, तेव्हा आकडा चार-पाच अंशांनी उतरला. मशीन कुलरच्या झोताबाहेर, वरच्या फळीवर ठेवलंय. झोत गार असतो, पण त्यातून ओल आणि खसच्या काड्या आत जातात.

दोन लाइनींची अदलाबदल लागली आहे. फायबरला मेट्रिक १००, फोरजीला २००; कमी आकड्याचा मार्ग आधी वापरला जातो. पण एवढ्याने भागत नाही. लाइट गेली की माझा ओएनयू (केबलवाल्याच्या फायबरचा घरातला डबा) इन्व्हर्टरवर चालू राहतो, कार्डाचा लाइट हिरवा असतो, आणि तिकडे केबलवाल्याच्या टोकाला वीज नसते. कर्नलच्या लेखी लाइन चालूच. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या टायमरवर ठेवली. ती फायबरच्या पोर्टमधूनच बाहेरचे दोन पत्ते पिंग करते आणि दोन्ही सलग गप्प राहिले की फायबरचा मार्ग काढून घेते, बोलू लागले की परत देते. एकाच पत्त्यावर विसंबू नका. तोच बंद असला तर चांगली लाइन उगाच सोडली जाते.

पुढचं काम अभ्यासिकेच्या बाजूचं. तिथल्या ॲक्सेस पॉइंटवर पोरांची गर्दी झाली की एकाचं डाउनलोड सगळ्यांचा व्हिडिओ अडवतं, म्हणून फायबर आणि फोरजी या दोन्ही पोर्टांवर केक, म्हणजे लाइन सगळ्यांत नीट वाटणारी लिनक्सची सोय, लावायचा आहे. फायबरला आकडा सोपा, ९५ एमबीपीएसच्या आसपास धरणार. फोरजीचा वेग संध्याकाळी निम्म्यावर येतो, त्यामुळे तिथं ठरलेला आकडा धरून चालणार नाही. सकाळ-संध्याकाळचं मोजमाप सुरू केलं आहे.