आपला हूप जोडीदाराच्या हातात देऊ नका

इकडे परदेशात हुला हूप, म्हणजे अंगाभोवती फिरवायचं मोठं कडं, फक्त लहान मुलांचा राहिलेला नाही. बागांमध्ये, जिममध्ये मोठी माणसं तो कमरेभोवती, हातांवर, गुडघ्यांवर फिरवताना दिसतात. थंडीत घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा बैठकीच्या खोलीतही तो चालतो. जोडप्यातल्या एकाला याचा नाद लागतो आणि दुसरा सोफ्यावरून बघत बसतो. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी ‘अहो, एकदा फिरवून तर बघा’ किंवा ‘अगं, ये ना तूही’ होतं, हूप तीन गिरक्यांत घोट्यांवर आदळतो आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून विषय कायमचा मिटतो.

यात दोष बहुधा कमरेचा नसतो, हूपचा असतो. ज्याचा हात बसलेला आहे तो हळूहळू लहान आणि हलक्या हूपकडे सरकलेला असतो. व्यास 85-90 सेंटिमीटर, पॉलिप्रॉपिलीनची बारीक नळी, वजन 200 ग्रॅमच्या आसपास. हातावरच्या करामतींना हा हूप झकास, पण नवशिक्याच्या कमरेवर तो टिकतच नाही. मुलांचा 75 सेंटिमीटरचा हूप तर त्याहून वाईट.

कारण साध्या गणितात आहे. हूप वर राहतो तो शरीर आणि हूप यांच्यातल्या घर्षणामुळे, आणि हूप शरीरावर जितका दाबला जाईल तितकं घर्षण जास्त. हा दाब ठरतो हूपच्या फिरण्याच्या वेगावर आणि त्याचा मध्यबिंदू कमरेभोवती किती मोठ्या वर्तुळात फिरतो त्यावर. कमरेचा घेर 95 सेंटिमीटर धरला तर कमरेची त्रिज्या साधारण 15. एक मीटरच्या हूपचा मध्य मग 35 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आणि 75 सेंटिमीटरच्या हूपचा फक्त साडेबावीसच्या. तेवढंच घर्षण मिळवायला लहान हूप सुमारे 25 टक्के जास्त वेगाने फिरवावा लागतो. नवशिक्याला हा वेग पकडताच येत नाही. कंबर जितकी रुंद तितकं हे वर्तुळ आणखी आक्रसतं, म्हणून मोठ्या बांध्याच्या माणसाला हूपही मोठाच हवा.

गंमत म्हणजे या गणितात वजन दोन्ही बाजूंनी कटतं. तरी जड हूप सोपा वाटतो, कारण कंबर एखादा हेलकावा चुकली तर हलका हूप लगेच भरकटतो आणि जड हूप ती चूक पचवतो. पण फार जड नको. दीड-दोन किलोचे, आतून गोळे असलेले ‘वजनदार’ हूप शिकायला मुळीच घेऊ नयेत, ते फक्त काळे-निळे डाग देतात. कमरेला बांधायचे, रुळावर चेंडू फिरणारे पट्टे ही तर वेगळीच वस्तू आहे. त्यावर कितीही घाम गाळा, हूप फिरवता येत नाही.

जोडीदारासाठी मोजमाप असं घ्या: हूप जमिनीवर उभा धरला की वरची कड बेंबी आणि छाती यांच्या मध्ये यायला हवी. बहुतेकांना 100 ते 105 सेंटिमीटर, उंच किंवा रुंद माणसाला 110 सेंटिमीटर. वजन 600 ते 800 ग्रॅम.

घरी करणं अवघड नाही. पाणीपुरवठ्याची काळी पॉलिइथिलीन नळी घ्यायची, बाहेरून 25 मिलिमीटर, भिंत दोन मिलिमीटरहून थोडी जाड. ठिबकची पातळ नळी चालत नाही, ती दबून अंडाकृती होते. लांबी म्हणजे व्यास गुणिले 3.14, त्यामुळे 105 सेंटिमीटरच्या हूपला 330 सेंटिमीटर. टोकं काटकोनात कापा, नाहीतर सांध्यावर पायरी राहते आणि ती प्रत्येक फेरीला कमरेला टोचते. दोन्ही टोकं एकेक करून अर्धा मिनिट कढत पाण्यात धरायची आणि आतून बसणारा खाचांचा जोड दाबून घालायचा. गार झाल्यावर ओढून बघा, सुटला तर जोड मापाने लहान आहे. मग कडेला आतून सँडपेपर मारून कापडी चिकटपट्टी गुंडाळा. ही पट्टी शोभेसाठी नाही. गुळगुळीत प्लास्टिक कापडावरून सटकतं, आणि वरच्या गणितात घर्षण सगळ्यात महत्त्वाचं. त्याच कारणाने कपडे सुती आणि अंगाबरोबरचे हवेत. नायलॉनचा ट्रॅकसूट घालून हूप शिकणं म्हणजे तेल लावलेल्या मल्लखांबावर चढणं. कमरेचा पट्टा, खिशातला मोबाइल, गळ्यातली लांब साखळी आधीच काढून ठेवा.

जागेचा हिशेबही आधी करा. एक मीटरच्या हूपची दूरची कड शरीराच्या मध्यापासून 85 सेंटिमीटरपर्यंत जाते. माणूस जरा सरकतोच, म्हणून अडीच मीटर व्यासाची मोकळी जागा धरा. लाकडी जमिनीच्या फ्लॅटमध्ये हूप पडला की खालच्यांना धडाम् ऐकू जातं, आणि पहिल्या दिवशी तो सारखा पडणार. जाड सतरंजी किंवा दोन योगा मॅट शेजारी शेजारी अंथरल्या की भागतं.

आता प्रत्यक्ष फिरवणं. एक पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे सैल. हूप पाठीला बेंबीच्या पातळीवर टेकवायचा, जमिनीला समांतर. दोन्ही हातांनी एका बाजूला जोरात, पण सपाट ढकलायचा. नंतर कंबर गोल फिरवायची नाही. सगळे इथेच फसतात. फिरायचं ते हूपने, शरीराने फक्त पुढे-मागे रेटा द्यायचा: हूप पोटाला लागला की पोट पुढे, पाठीला लागला की पाठ मागे. रेटा छोटा आणि वेळेवर हवा. एका दिशेला जमत नसेल तर दुसऱ्या दिशेला फिरवून पाहा, प्रत्येकाची एक बाजू सोपी असते. कोपर छातीच्या उंचीवर ठेवायचे, नजर समोर.

कुठे बिघडतं ते हूप कसा पडतो यावरून कळतं. पहिल्याच फेरीत तिरका पडला तर फेकताना एक हात वर गेला होता. तीन-चार फेऱ्या सपाट फिरून हळूहळू उतरत गेला तर रेटा मंद आहे. डोलत डोलत उतरला तर माणूस खाली वाकून बघतोय, म्हणजे छाती पुढे झुकून कमरेचा बाक बदलला. आणि जो घामाघूम होऊनही काहीच जमत नाही म्हणतो, तो हमखास श्वास रोखून उभा असतो. उतरू लागलेला हूप वाचवायचा तर गुडघे थोडे वाकवून रेटे जलद करायचे आणि हूप ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने स्वतःही वळायचं. शरीराच्या मानाने हूपचा वेग कमी होतो आणि सावरायला क्षणभर मिळतो.

‘पुरुषांना हे जमत नाही’ हा समज खरा नाही, पण त्यात तथ्याचा अंश आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगवेगळ्या आकारांची छोटी यांत्रिक ‘शरीरं’ हूप फिरवून तपासली. हूप वर टिकायला नितंबांचा उतार आणि कमरेचा आत गेलेला बाक असे दोन्ही लागतात, असं दिसलं. सरळ अंगयष्टीच्या माणसाला हे आयतं मिळत नाही. त्याला मोठा हूप, जास्त पकड आणि जास्त सराव द्यावा लागतो, इतकंच.

तुम्ही काय करायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. दोन सूचना द्या आणि खोलीतून बाहेर जा. व्हिडिओ काढू नका, फेऱ्या मोजू नका, ‘अगदी सोप्पंय’ म्हणू नका. वजनाचा विषय तर काढूच नका. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या चाचणीत अर्ध्या तासाला सुमारे 210 कॅलरी असा आकडा आला होता, पण ती सराईत बायकांची चाचणी होती, आणि बायकोला किंवा नवऱ्याला कॅलरी ऐकवून कुठलाही छंद लागलेला नाही.

कंबर नको म्हणत असतील तर हूप जमिनीवरून घरंगळवण्यापासून सुरुवात करा. सोडताना मनगटाने मागच्या बाजूला गिरकी दिली की तो पुढे जाऊन आपोआप परत येतो. हे थोड्याच वेळात जमतं. पुढे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हातावर फिरवणं. काही जण कमरेकडे कधी वळतच नाहीत, त्यात कमी काहीच नाही.

सुरुवातीला रोज पाच ते दहा मिनिटं पुरे, दोन्ही दिशांना सारखी. कमरेच्या हाडांवर डाग पडतात, दुखलं तर दिवसभर थांबा. गरोदरपण, पोटाची शस्त्रक्रिया, हर्निया किंवा मणक्यातली सरकलेली चकती असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुट्टीला मायदेशी येताना बरोबर आणायचा तर पाच-सहा तुकड्यांत सुटणारा हूप बॅगेत मावतो. एकाच सांध्यावर बटण असलेला एकसंध हूप तो सांधा सोडून लहान गुंडाळता येतो, पण पोहोचल्यावर लगेच उलगडा, नाहीतर नळी तोच बाक धरते. धरलाच तर उन्हात तासभर ठेवून हाताने गोल करा.