नागपूरकराला हिमबिबट्याशी काय देणेघेणे?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगले इतकी जवळ असताना मी शाळाशाळांतून हिमबिबट्याविषयीच का बोलतो, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमानंतर ऐकावा लागतो.

माझे उत्तर नळापासून सुरू होते. नागपूरच्या घराघरांत येणारे पाणी मुख्यतः पेंच नदीचे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातपुड्यात उगम पावलेली ही नदी व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून वाहत तोतलाडोहला येते. २०१९ च्या जुलैत हे धरण आटले आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हा पिंप भरताना मला प्रथमच उमगले की, ज्या डोंगरावर आपण कधी पाऊल ठेवले नाही त्याच्या भरवशावर आपले सारे बिऱ्हाड चालते.

लडाखमध्ये हाच भरवसा अधिक नाजूक आहे. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाणी आभाळातून मिळते. तेवढा पाऊस आमच्याकडे कधी कधी एका दिवसात पडून जातो. तिथली जवाची शेते पिकतात ती वितळलेल्या बर्फावर. हिवाळ्यातला बर्फ उंचावर थांबतो, उन्हाळ्यात हळूहळू उतरतो आणि वाटेतल्या ओल्या कुरणांची, मुळांनी घट्ट विणलेली माती त्यातले काही पाणी धरून ठेवते. याच डोंगरउतारांवर भरल नावाची रानमेंढरे चरतात आणि हिमबिबट्या त्यांच्यावर जगतो. पाळीव जनावरांची चराई फार वाढली की गवत खुरटते, उघडी पडलेली माती ओढ्यांत उतरते, भरल घटतात आणि भुकेला हिमबिबट्या गोठ्यात शिरतो. एका रात्रीत निम्मा कळप गमावलेल्या मेंढपाळाच्या संतापाला नावे ठेवणे मला तरी जमत नाही.

२०१९ ते २०२३ या काळात झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये. इतक्या विरळ पसरलेल्या प्राण्याला राष्ट्रीय उद्यानाची हद्द पुरत नाही, आणि ४४०० चौरस किलोमीटरच्या हेमिस उद्यानातसुद्धा माणसांची गावे आहेतच. म्हणून हिमाचल प्रदेशातल्या स्पितीमधील किब्बर गावाचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. तेथील गावकऱ्यांनी वन्यजीव अभ्यासकांशी सल्लामसलत करून आपल्याच कुरणाचा एक भाग चराईसाठी बंद केला आणि पुढे जनावरांचा सामुदायिक विमाही उभा केला. राखलेल्या कुरणात भरल वाढले. हा निर्णय ज्यांना त्या गवताची खरोखर गरज होती त्यांनीच घेतला, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

वर्गात मी आधी पेंचचा नकाशा लावतो आणि लडाखचा त्यानंतर. सफारीत वाघ पाहिलेले हात भराभर वर होतात. पण पेंच कुठे उगम पावते असे विचारले की वर्ग शांत होतो, आणि मग आम्ही बोट ठेवून नदीच्या उलट दिशेने छिंदवाड्याकडे निघतो.