क्राफ्लाचे विंधनविवर पाहायला जाणाऱ्यांसाठी

आइसलँडच्या उत्तरेकडील क्राफ्ला ज्वालामुखीत शिलारसापर्यंत पोहोचलेले विवर जवळून पाहता येते, असे सहलीच्या एका जाहिरातीत वाचून गेलो आणि साफ फसलो. ते विवर २०१२ पासून बंद आहे. ६० मेगावॅटच्या वीजकेंद्राभोवती दिसतात त्या वाफेच्या नळ्या आणि इतर विवरांवरच्या लहान घुमट्या.

तरीही क्राफ्लाला जावे, मात्र इतिहास वाचून जावे. चार-साडेचार किलोमीटर खोलीवर अतिउष्ण, प्रचंड दाबाखालचे पाणी शोधण्यासाठी सुरू झालेले विंधन २००९ मध्ये जेमतेम २.१ किलोमीटरवर अडकले आणि वर काचेचे तुकडे, म्हणजे झटकन थिजलेला शिलारस, येऊ लागले, कारण ड्रिल सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाच्या रायोलाइट (सिलिका जास्त असलेल्या) शिलारसात शिरले होते. पुढे त्याच विवरातून ४५० अंशांची कोरडी वाफ मिळाली. तिच्यातील आम्ल व सिलिका यंत्रसामग्रीला सोसवेना; शेवटी झडप निकामी झाल्यावर थंड पाणी सोडून विवर विझवावे लागले. इतक्या उथळ जागी शिलारस आहे, हे जमिनीवरून केलेल्या कोणत्याही मोजणीने आधी सांगितले नव्हते, आणि माझ्या मते ही त्या प्रकल्पाची सर्वांत मोठी कमाई आहे.

आता क्राफ्लाच्याच वीती या ज्वालामुखी-मुखाच्या कडेबद्दल. १७२४ च्या स्फोटात तयार झालेल्या या मुखाभोवतीची पायवाट पावसानंतर अत्यंत वाईट असते. गरम पाण्याने आणि वायूंनी खडक कुजवून त्याची चिकणमाती केली आहे. ती बुटांच्या तळाला थरावर थर चिकटते, तळाची खाचरेघ बुजते आणि उतारावर पाय सरळ घसरतो. वाऱ्यात तर कडेला उभेही राहवत नाही. ओल असेल तर पूर्ण फेरी मारू नका, वाहनतळाजवळूनच पाहून परता. उरलेला वेळ लेरहन्यूकुरच्या १९७५ ते १९८४ मधील काळ्या लाव्ह्याला द्या. तेथे काही ठिकाणी अजून वाफ निघते, म्हणून आखलेली वाट सोडू नका. ह्वेरिरची चिखलकुंडे चांगली आहेत, पण गर्दी फार.

आकुरेरी शहराहून येताना वाड्लाहेदी बोगद्यावर टोलनाकाच नाही. पैसे ऑनलाइन भरायचे असतात. न भरल्यास बिल गाडीच्या मालकाकडे जाते आणि भाड्याने गाडी देणारा त्यावर स्वतःचे सेवाशुल्क चढवतो. माझ्याकडून तसे घेतले गेले आणि ते शुल्क टोलपेक्षा जास्त होते. उन्हाळ्यात वीकुरस्कार्द खिंडीचा जुना रस्ता धरा: अंतर सुमारे १६ किलोमीटरनी वाढते, टोल मात्र लागत नाही.